फोन लागत नाही तेव्हा

आज आपण बचतीचा हप्ता, व्याजाचा दर, बँकेचा कागद यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आपल्यातल्या त्या बायांबद्दल, ज्यांचा नवरा, मुलगा किंवा भाऊ मिलिटरीत आहे. सातारा जिल्ह्यात अशी घरं मोजायला बसलो तर बोटं पुरायची नाहीत. अपशिंगे गावाचं नावच मुळी अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण दर दोन-तीन घरांआड भिंतीवर वर्दीतला फोटो आमच्याकडेही आहे.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. सात तारखेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. आठ तारखेला संध्याकाळी आमच्या गटाची बैठक होती. अकरा जणी आल्या, त्यातल्या चौघींच्या घरचं माणूस फौजेत. वही उघडली, पण सही करायला कुणाचा हात चालेना. सगळ्यांचे फोन सतरंजीवर समोर ठेवलेले. त्यातल्या एका सुनेनं सकाळपासून नवऱ्याला त्रेचाळीस वेळा फोन लावला होता, तिनं मोजले होते. प्रत्येक वेळी तीच बाई बोलायची, आपण संपर्क करत असलेला क्रमांक बंद आहे. दुसरीचा भाऊ लग्नासाठी रजेवर आलेला, हातावरची हळद निघायच्या आत परत बोलावणं आलं आणि तो रात्रीच्या गाडीनं निघून गेला. वाटेत कुठल्यातरी स्टेशनावरून शेवटचा फोन आला होता, त्यानंतर काहीच नाही.

आमच्यात एक सत्तरीच्या आजी आहेत. १९९९ साली कारगिलचं युद्ध चालू होतं तेव्हा त्यांचा थोरला त्या भागात होता. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या टायमाला फोनच नव्हता, तर बंद कसा पडंल? पत्र आलं तर आलं. नाही आलं तर वाटंत असंल म्हणायचं." त्या त्रेचाळीस फोन करणाऱ्या सुनेला हसूही आलं आणि रडूही आलं. त्या रात्री आम्ही ठरवलं की हा विषय एकदा नीट समजून घ्यायचा. माणूस सीमेवर असताना त्याचा निरोप आपल्यापर्यंत कसा येतो, कधी येत नाही, आणि का येत नाही. माजी सैनिकांशी बोललो, पोस्टात जाऊन विचारलं, थोडं वाचलं. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

आधी बंद फोनाचं सांगतो, कारण जीव तिथंच अडकतो. फोन बंद असणं म्हणजे वाईट बातमी असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. खरं तर उलट आहे. तुकडी हलायची असते, किंवा काही मोहीम असते, तेव्हा फोन बंद ठेवायला सांगतात, काढूनही घेतात. चालू फोन टॉवरशी बोलत असतो. एका जागी दोनशे फोन चालू झाले की त्या जागी दोनशे माणसं आहेत हे शत्रूला कळायला वेळ लागत नाही. म्हणजे त्याचा फोन बंद आहे तो त्याच्या जिवासाठीच बंद आहे. शिवाय डोंगरातल्या चौकीवर रेंजच नसते, आणि थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. आपल्या वाडीत पाऊस लागला की टॉवर जातो, मग तिथं बर्फात काय होत असेल?

आणि खरोखर वाईट काही घडलं असेल, तर ती बातमी टीव्हीवरून किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून कळवायची पद्धत सैन्यात नाही. पलटणीकडून घरच्यांना अधिकृतपणे कळवलं जातं. म्हणून ग्रुपवर कुणी नावं टाकली, फोटो टाकले, तर ते खरं धरायचं नाही आणि पुढेही पाठवायचं नाही. त्या चार दिवसांत आमच्या गावातल्या एका ग्रुपवर कुठल्यातरी जुन्या अपघाताचा फोटो फिरला आणि एका आईची शुद्ध हरपली. तिचा मुलगा त्या वेळी राजस्थानात सुखरूप जेवण करत होता, हे नंतर कळलं.

आता पत्राकडे येऊ. पत्र आता कोण लिहितं असं तुम्ही म्हणाल. पण फौजेचं टपाल अजून चालू आहे आणि ते कसं चालतं हे कळलं तेव्हा आम्हाला फार नवल वाटलं.

फौजीचा पत्ता तुम्ही पाहिला असेल. त्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटणीचं नाव, आणि खाली केअर ऑफ ५६ एपीओ किंवा केअर ऑफ ९९ एपीओ. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. आमच्या गटातल्या एका ताईला कित्येक वर्षं वाटायचं की छप्पन एपीओ हे काश्मीरमधल्या गावाचं नाव आहे. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. तो आकडा म्हणजे एक पडदा आहे. आपण इथल्या पोस्टात टाकलेलं पत्र आधी सैन्याच्या मोठ्या टपाल केंद्रात जातं. अशी केंद्रं दिल्लीत आणि कोलकात्यात आहेत. ५६ एपीओचं टपाल दिल्लीकडे, ९९ एपीओचं कोलकात्याकडे. कुठली पलटण आज कुठं आहे हे तिथल्या लोकांना माहीत असतं, आपल्या पोस्टमनला नसतं, आणि नसलेलंच बरं. तिथून पत्रांच्या पिशव्या रेल्वेनं, विमानानं, ट्रकनं आणि शेवटच्या टप्प्यात कधी हेलिकॉप्टरनंही पुढे जातात. पुढे असतं ते फील्ड पोस्ट ऑफिस, कधी तंबूत, कधी पत्र्याच्या खोलीत. त्यातली बरीच माणसं आपल्याच टपाल खात्यातून तिकडे गेलेली असतात. तिथं ती वर्दी घालतात, हुद्दा लावतात आणि शिक्केही मारतात. पलटणीचा एक माणूस येऊन पिशवी घेऊन जातो आणि मग चौकीवर नाव पुकारून पत्र दिलं जातं.

याचा फायदा बघा. पलटण आज राजस्थानात, उद्या अरुणाचलात गेली, तरी आपण लिहायचा पत्ता तोच राहतो. म्हणून तो कुठं आहे हे कळलं नाही तरी आपलं पत्र मात्र त्याला शोधत जातं.

पिनकोडाचंही तसंच. आपल्या महाराष्ट्राचे पिनकोड ४ या आकड्यानं सुरू होतात, साताऱ्याचा ४१५००१. फौजेचे मात्र ९ नं सुरू होतात. देशाचे भाग पाडले तेव्हा १ ते ८ आकडे मुलखाला दिले आणि ९ सैन्याच्या टपालाला. ही पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतात कविता करणारे. त्याच वर्षी १ मार्चला सैन्याच्या टपालाचं स्वतंत्र दलही झालं. पत्ता लिहिताना चार गोष्टी चुकवू नका: त्याचा नंबर, हुद्दा, पलटण आणि पिनकोड. नुसतं नाव लिहिलं तर मराठा रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे किती पाटील आणि किती जाधव निघतील याचा हिशेब कुणी करायचा?

पोस्टात अजून अडीच रुपयांत आंतर्देशीय पत्र मिळतं आणि पन्नास पैशांत कार्ड. आम्ही मुद्दाम घेऊन आलो.

जुन्या काळातलं थोडं सांगतो, कारण तेव्हा काय परिस्थिती होती हे कळलं की आपली आजची काळजी थोडी वेगळी दिसते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. तिथं कूत नावाच्या गावात इंग्रजांची फौज वेढ्यात सापडली. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा होता. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे लोक होते. खायला नाही, औषध नाही, आणि टपालाची वाट बंद. शेवटी शरणागती झाली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. त्यांच्या बायका इथं, आपल्याच जिल्ह्यांत, जोंधळ्याच्या रानात खुरपत होत्या. त्यांना कूत कुठं आहे हे कोण सांगणार होतं?

ज्यांची पत्रं येत होती तीही आधी कुणीतरी उघडून वाचलेली असायची. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं वाचायला सरकारनं खास कचेरीच बसवली होती. शिपायांनाही हे माहीत होतं. मग ते आडून लिहायचे. काही पत्रांत मिरीचा विषय यायचा. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरीवर भागवायचं चाललंय, अशा अर्थाचं. काळी मिरी म्हणजे आपले लोक आणि लाल म्हणजे गोरे. वाचणाऱ्या साहेबांनाही पुढे हे कळलं आणि त्यांनी ते आपल्या अहवालात लिहून ठेवलं, म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे. स्वयंपाकघरातला डबा असा युद्धाच्या पत्रात जाऊन बसला.

पण खरी गंमत आणि खरा त्रास घराच्या बाजूला होता. पत्र आलं तरी वाचणार कोण? बाईला अक्षर येत नाही. पोस्टमन वाचायचा, नाहीतर मास्तर, नाहीतर शेजारचा शाळकरी पोरगा. म्हणजे नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र ओट्यावर दहा माणसांत वाचलं जायचं. तो काय लिहिणार? सर्व थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हैस व्याली का, विहिरीला पाणी आहे का. बायकोचं नाव शेवटच्या ओळीत, तेही "घरच्या मंडळींना" असं. आमच्या आजी सांगतात, त्यांच्या सासूबाईंकडे सासऱ्यांची अशी बारा पत्रं होती आणि एकातही सासूबाईंचं नाव नव्हतं. तरीही त्यांनी ती लुगड्याच्या घडीत जपली होती.

मग होती मनीऑर्डर. ती तर पत्रापेक्षा मोलाची. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटी चिठ्ठी जोडलेली असायची, पाठवणाऱ्यानं दोन ओळी लिहायला. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि ती चिठ्ठी फाडून हातात ठेवायचा. पैसे आले म्हणजे माणूस जिवंत आहे, हा साधा हिशेब होता. महिना उलटला आणि मनीऑर्डर नाही आली की घरात चूल पेटली तरी घास उतरायचा नाही. ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. आता पगार बँकेत जमा होतो, ठीकच आहे. पण चिठ्ठी गेली. आणि एक गोष्ट आम्ही इथं स्पष्ट बोलणार आहोत: मनीऑर्डर बाईच्या हातात पडायची, पगार मात्र त्याच्या खात्यात पडतो आणि एटीएम कार्ड बऱ्याच घरांत दिराकडे किंवा सासऱ्यांकडे असतं. तो रेंजमध्ये असेपर्यंत चालून जातं. पण तो तीन महिने वर चौकीवर गेला की पोराच्या औषधाला दुसऱ्यापुढे हात पसरावा लागतो. तो रजेवर आला असतानाच बँकेत जाऊन खातं संयुक्त करून घ्या. भांडून नाही, त्याला समजावून.

तार आठवते का? तार बंद झाली जुलै २०१३ मध्ये. तोपर्यंत फौजीच्या घरात तार म्हणजे एकच मजकूर, आई गंभीर, लवकर या. रजा मिळावी म्हणून गावाकडून किती आयांना अशी खोटी आजारी पाडली असेल देव जाणे. पलटणीतले साहेबही हुशार झाले, खात्री करून घेऊ लागले. त्यात खरोखर आजारी असलेल्यांचं नुकसान झालं.

आता वरच्या चौक्यांचं सांगतो. सियाचीनच्या हिमनदीवर आपलं सैन्य १३ एप्रिल १९८४ पासून आहे. काही चौक्या वीस हजार फुटांच्या वर. आपल्या कळसूबाईच्या उंचीची जवळजवळ चौपट. तिथं जवान एका वेळी साधारण तीन महिने राहतात. त्या मोहिमेचं नाव होतं मेघदूत. आम्हाला बी.ए.ला हे काव्य होतं, म्हणून नाव ऐकताच डोळे चमकले. कालिदासाच्या त्या काव्यात बायकोपासून वर्षभर लांब पडलेला यक्ष ढगाजवळ निरोप देतो आणि तो ज्या डोंगरावर बसलेला असतो तो रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक, असं पुष्कळ विद्वान मानतात. ज्या जागेवरून घरी निरोप पाठवणं सगळ्यात अवघड, त्या जागेच्या मोहिमेला हे नाव कुणाला सुचलं असेल?

तिथून बोलायला सॅटेलाइट फोन असतो, सगळ्यांत मिळून एक. आधी त्याला मिनिटाला पाच रुपये पडायचे. २०१७ च्या दिवाळीपासून ते मिनिटाला एक रुपया झाले. पैसे कमी झाले तरी रांग असतेच. मागे आठ जण उभे असताना माणूस किती बोलणार? आणि सॅटेलाइटच्या फोनात आपण बोललेलं तिकडे पोचायला थोडा वेळ लागतो. दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प होतात, मग दोघं एकदम "हॅलो, हॅलो". पाच मिनिटांतली दोन त्यातच जातात. एक वाक्य पूर्ण बोलायचं आणि थांबायचं, ही सवय लावून घ्या.

ती पाच मिनिटं कुणाची, यावरून आपल्या घरांत जे होतं ते रेडिओवर बोलायचं का, असं आमच्यात एकीनं विचारलं. बोलायलाच पाहिजे. फोन आला की तो आधी सासूबाईंच्या हातात. त्यांचा मुलगा आहे, त्यांचा हक्क आहे, आमचं काही म्हणणं नाही. मग सासरे, मग दीर, मग पोरगा "पप्पा, सायकल". सून दारात उभी. तिच्या हातात फोन येतो तेव्हा रेंज गेलेली असते. एका घरी सुनेनं आपल्याला दिवस गेल्याचं नवऱ्याला सांगायचं होतं. तीन फोन आले आणि तिन्ही वेळा सांगायचं राहिलं. चौथ्या फोनापर्यंत ते मूल राहिलं नव्हतं. मग तिनं सांगितलंच नाही. तो रजेवर आला तेव्हा शेजारणीच्या तोंडून त्याला कळलं. तो तिच्यावर चिडला नाही, आईवरही नाही. तो रात्रभर अंगणात बसून राहिला.

त्या घरी आता सासूबाईंनीच नियम केला आहे. आठवड्यात एक फोन फक्त सुनेचा, त्या वेळी बाकीच्यांनी गोठ्यात नाहीतर देवळात जायचं. हे त्यांनी स्वतः आमच्या बैठकीत सांगितलं.

त्याला काय सांगायचं आणि काय नाही, यावर आमच्या गटात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, तो तिथं बंदूक घेऊन उभा आहे, त्याला घरची कटकट कशाला? दुसऱ्या म्हणाल्या, लपवलं की त्याला आवाजावरून कळतंच, आणि मग तो रात्रभर तर्क करत बसतो. आमचं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण थोडं पुसटसं. आजारपण, कर्ज, जमिनीचा वाद, या गोष्टी लपवू नयेत. पण सांगताना पुढचं वाक्यही सांगावं. आत्यांना ताप आहे, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू आहेत, दोन दिवसांत उतरेल. नुसतं "आत्यांना ताप आहे" म्हणून रेंज गेली तर त्या माणसानं काय करायचं? जावांचं भांडण, कुणी कुणाला टोमणा मारला, हे मात्र रोज रात्री व्हिडिओ कॉलवर ओतू नये. पूर्वी पत्र पोचेपर्यंत पंधरा दिवस जायचे आणि तेवढ्यात भांडण मिटलेलं असायचं. आता भाजीत मीठ जास्त झालेलं पुंछमध्ये लगेच कळतं.

व्हॉट्सॲपचं एक सांगतो. त्याला रेंज मिळते तेव्हा आठ दिवसांचे निरोप एकदम धडाधड पडतात. त्यात "लवकर फोन करा" हा मंगळवारचा की आजचा, त्याला कळत नाही आणि जीव उडतो. म्हणून निरोपाच्या सुरुवातीला वार आणि तारीख बोला. पूर्वी लोक पत्रांवर क्रमांक घालायचे, कारण सातवं आधी आणि पाचवं नंतर पोचायचं. तीच युक्ती. आणि काम झालं की "ते मिटलं, काळजी नको" हाही निरोप टाका. बऱ्याच जणी पहिला टाकतात, दुसरा विसरतात.

आता सावधगिरीचं. २०२० च्या जुलैमध्ये सैन्यानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती. त्यांनी काढली, पण आपलं काय? नवरा गाडीत बसताना स्टेशनचं नाव दिसेल असा फोटो, "आज निघाले, परवा अमुक ठिकाणी पोचतील" असं स्टेटस, पलटणीच्या गेटसमोरचा जुना फोटो, हे सगळं आपणच टाकतो. अभिमान असतो, कळतं आम्हाला. पण एप्रिल २०२५ मध्ये सरकारनं टीव्हीवाल्यांनाही सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका म्हणून बजावलं होतं, मग आपलं स्टेटस त्यातून सुटतं का? तो कुठं आहे हे त्यानं सांगितलं नाही तर खोदून विचारू नका. फोनवर त्याला "थंडी आहे का" इतकंही विचारू नका असं एका माजी सुभेदारांनी सांगितलं, ते आम्हाला जरा जास्तच वाटलं. पण जागा, तारीख, तुकडी, या तीन गोष्टी फोनवर नकोत, हे पटलं.

आणि अनोळखी फोन. "तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसातून बोलतोय, भत्ता जमा करायचा आहे, ओटीपी सांगा." फोन बंद असलेल्या घराला अशा फोनाची भुरळ लवकर पडते, कारण बाई त्याच्याबद्दल काहीही ऐकायला आसुसलेली असते. पलटण ओटीपी मागत नाही. फोन ठेवायचा आणि पलटणीच्या आपल्याकडे असलेल्या नंबरावर उलटून विचारायचं.

तो नंबर तुमच्याकडे आहे का? आमच्या चौघींपैकी एकीकडेच होता. मोबाइलमध्ये नको, मोबाइल पडतो, फुटतो. वहीवर लिहा: त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, पलटणीचा फोन, आणि त्याच्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. बरेच दिवस काहीच खबर नसेल तर आधी पलटणीत, मग रेकॉर्ड ऑफिसात, नाहीतर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. असं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथं जायला पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही.

लग्न झालं, मूल झालं, तर ते पलटणीच्या कागदावर चढलं पाहिजे. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. आमच्या भागात एका मुलीचं नाव लग्नाला दोन वर्षं झाली तरी चढलं नव्हतं, कारण लग्नाचा दाखलाच काढला नव्हता. कागदावर तो अजून अविवाहित होता आणि कळवायचं नाव आईचं होतं. काही बरंवाईट झालं असतं तर पेन्शनसाठी तिला सिद्ध करत बसावं लागलं असतं की ती त्याची बायको आहे. आता ग्रामपंचायतीतून दाखला काढून दिला आहे. अग्निवीर मुलांच्या घरीही हे बघा. त्यांची नोकरी चार वर्षांची, रजा वर्षाला तीसच दिवस, जुन्या जवानांना साठ दिवस आणि वर तीस किरकोळ मिळतात. तीस दिवसांत येणं-जाणं, लग्नकार्य, आणि कागद, सगळं बसवायचं असतं.

कैदेत सापडलेल्या माणसाबद्दल आजींनी विचारलं होतं, म्हणून तेही सांगतो. १९४९ च्या जिनिव्हा करारात लिहिलं आहे की युद्धकैद्याला छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी कळवणारं कार्ड लिहू दिलं पाहिजे, आणि पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं, तीही बिनतिकिटाची. कूतच्या वेळी हे नव्हतं.

फराळाचं राहिलंच. दिवाळीला पार्सल पाठवणार असाल तर निदान तीन आठवडे आधी टाका. शंकरपाळी, चिवडा, कडक बुंदीचे लाडू टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या नको, वाटेत आंबतात. लोणचं तर नकोच, तेल गळून दुसऱ्याचीही पत्रं भिजतात, पोस्टातल्या बाईंनी हात जोडून सांगितलं आहे. डब्यात घट्ट भरून वर कापड शिवा आणि पत्ता कापडावरही लिहा, आतही एक चिठ्ठी ठेवा.

दहा मेच्या संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. त्या त्रेचाळीस फोनवाल्या सुनेला बारा तारखेला रात्री पावणेबाराला फोन आला. दीड मिनिट. तो म्हणाला, जेवलो. ती म्हणाली, मीही. तिच्या म्हणण्याप्रमाणे एवढंच बोलणं झालं.

पुढच्या बैठकीत आम्ही ती आंतर्देशीय पत्रं वाटली. आजींना लिहिता येत नाही, त्यांनी नातवाला, म्हणजे कारगिलवाल्या मुलाच्या मुलाला, जो आता स्वतः फौजेत आहे, पत्र सांगितलं आणि आमच्यातल्या एकीनं लिहून घेतलं. सगळं सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या, "खाली माझा अंगठा उठव. माझाच हाय हे त्येला कळाया पायजे." आम्ही वहीचं शाईचं पॅड आणलं.